रामटेकेताई नदी मोजतात

नदी मोजणाऱ्या माणसांकडे पाण्याच्या बाटल्यांइतकेच किस्से साठतात. बाटल्या लॅबमध्ये रिकाम्या होतात, किस्से कुठं ओतायचे? आमच्या भिलाईच्या टीममधले निम्मे तर एकट्या रामटेकेताईंचे. ताई भिलाईतल्याच खुर्सीपारच्या, वडील स्टील प्लांटात होते. पाणी तपासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

*

उन्हाळ्यात शिवनाथ नदीचा प्रवाह मोजत होतो. ऐनवेळी मीटर बंद! आमचे साहेब वैतागले. ताईंनी डब्यातलं संत्रं काढून पाण्यात सोडलं, घड्याळ लावलं अन् वेग काढला.

"संत्रंच कावून, ताई?" मी विचारलं.

"पोळी बुडते ना, बावा!"

*

एका नाल्याच्या पाण्यात ताईंनी दोन रसायनं टाकली. तळाशी पांढरा साका बसला. मी खूश. "एकदम स्वच्छ!"

ताई हसल्या नाहीत. "ऑक्सिजन असता तर तपकिरी झालं असतं. पांढरं म्हणजे आत कोणी जगून नाही राहिलं."

*

ऑक्सिजनचा तोच शून्य आकडा साहेबांना खुपला. "नदी सुधारायच्या प्लॅनमध्ये शून्य बरं दिसत नाही. थोडा सुधारा."

ताई कंत्राटावर. साहेबांच्या एका सहीवर नोकरी! ताईंनी रजिस्टर अन् पेन पुढं सरकवलं.

"तुमीच सुधारा, सर. खाली सही बी तुमचीच."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी आमच्या आधी गमबूट घालून नाल्यावर हजर!

*

एकदा उतई गावाजवळ जीप बंद पडली. सँपल त्याच दिवशी लॅबला पोचायला हवेत. ताई बर्फाचा डबा घेऊन बसनं भिलाईत पावर हाउस चौकाला आल्या अन् ऑटोत बसल्या.

"दीदी, मछली है क्या?"

"नहीं भैया, नदी है."

ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं. "फिर धीरे चलाता हूँ."

*

उन्हाळ्यात मासे जगायला नदीत किती खोल पाणी ठेवावं, हे प्लॅनमध्ये लिहायचं होतं. मीटिंगमध्ये कोणालाच सांगता येईना. ताईंनी बुधराम केवटाला बोलावून आणलं. जन्मभर जाळं टाकणारा माणूस. त्यानं धोतर वर केलं अन् पोटरीवर बोट ठेवलं.

"अतका पानी रहिही, त मछरी जीही."

सगळे हसले. ताई खाली बसल्या, त्याच्या पायाला टेप लावला अन् आकडा लिहिला. आधार: बुधरामचा पाय.

साहेबांनी कागद परत पाठवला. शेरा होता, 'आधार नीट लिहा.'

ताईंनी नीट लिहिला. आधार: बुधरामचा डावा पाय.