ज्ञानूमामाचा आवाज मोताळ्याच्या मांडवात नेताना

शालूचा फोन आला तेव्हा मी दुकानातल्या पंख्याची पाती पुसत होते. "अक्का, ज्ञानूची सुट्टी नामंजूर झाली," एवढंच म्हणाली.  पंखा तसाच अर्धा पुसलेला राहिला.

शालू माझी धाकटी बहीण, मोताळ्याला दिलेली. ज्ञानू आम्हा दोघींच्या पाठचा, कुवेतला वेल्डिंगच्या कामावर. शालूच्या लेकीचं, वर्षाचं, लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि आमच्याकडे नवरीचा मामा बोहल्यावर तिच्या पाठीशी उभा राहतो. शालूच्या सासरच्यांनी सुचवलं, चुलत मामा उभा करा, काय बिघडतं? शालू ऐकेना. "मामा तिचा एकच हाय. मानूस नाई येत त त्याचा आवाज त येईन? तू नेटवाली हाय ना? आन मंग त्याले!"

नेटवाली म्हणजे एवढंच, की देऊळगाव राजाच्या स्टँडजवळ माझी एसटीडीची खोली होती आणि फोनला गिऱ्हाईक कमी झालं तसे मी तिथे दोन संगणक मांडले. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून चुकत चुकत शिकले. फोर-जी नावाचा प्रकार आपल्या तालुक्यांत यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा फोनच्या टॉवरवरचं नेट म्हणजे भरल्या पोटाची म्हैस, मनात आलं तर उठायची. तरी मी "आणते" म्हणून बसले. लॅपटॉप, त्याला लावायचा बोटाएवढा डोंगल आणि दोन लुगडी पिशवीत घातली आणि निघाले.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी सांगते. देऊळगाव राजाहून मोताळ्याला थेट गाडीची वाट पाहत बसू नका. चिखलीची पकडा, तिथून बुलडाणा, तिथून मलकापूरकडे जाणारी कुठलीही. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा आणि डाव्या बाजूला बसा, ऊन मागाहून लागतं. निघताना बालाजीचं दर्शन घेतलंत तर पेढा तिथेच खाऊन टाका, पिशवीत पातळ होतो. माझा झाला, आणि डोंगलच्या टोपणाला चिकटला.

देऊळगाव मही मागे पडलं, खडकपूर्णेचं आटलेलं पात्र दिसलं, आणि मी मांडीवर लॅपटॉप उघडला. ठरवलंच होतं, वाटेभर ज्ञानूशी बोलत जायचं, म्हणजे कुठे तुटतं ते कळेल. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. लग्नही शुक्रवारचंच, पण ते पुढच्या आठवड्यातलं. हा शुक्रवार तालमीचा.

"अक्का, दिसायलीस मला! मागं खिडकी हाय ना?"

"हो रे. झाडं दिसतात का?"

 तोंड उघडं ठेवून ज्ञानू थिजला. गाडी पुढच्या गावच्या टॉवरच्या हद्दीत शिरली होती. थोड्या वेळाने डोंगलचा दिवा पुन्हा लागला, पण बोलणं काही जुळेना. मला उशिराने उमगलं. नेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. डोंगल तुटून पुन्हा जुळला की त्याला नवा पत्ता मिळतो. तिकडे कुवेतचा संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर निरोप टाकत बसलेला. हे सगळे नियम, ज्यांना संगणकवाले प्रोटोकॉल म्हणतात, ते घर धरून बसलेल्या संगणकांसाठी केलेले. गाडीत बसून गावं बदलणारी बाई त्यांच्या हिशेबात नव्हती.

शेजारच्या सीटवर चिखलीच्या बाजाराला निघालेले एक आजोबा होते, मांडीवर लसणाची पिशवी. ते मघापासून पाहत होते.

"टीव्ही हाय का वं बाई?"

"भाऊ आहे, कुवेतला."

"मंग हालून काऊन नाई राह्यला?"

"गाडी थांबली की हालेल."

"कंडक्टर!" आजोबांनी हाक दिली. "गाडी थांबव रे, या बाईचा भाऊ अटकला!"

अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "फाट्यावर थांबतेच आहे गाडी, तवर भावाला म्हनावं कळ काढ." फाट्यावर गाडी थांबली, मी पुन्हा जोडलं, ज्ञानू आला आणि आजोबांनी त्याला लसणाचा भाव सांगितला.

चिखलीच्या स्टँडवर गरम आलुबोंडा खा, वरून तर्री मागून घ्या. देताना विचारतात, "तिखट चालते का?" विचारतात म्हणून हो म्हणू नका. बुलडाण्याला उतरलं की मात्र हवेतच फरक कळतो. वैशाखात खाली सगळीकडे तवा तापलेला असताना इथे झाडाखाली बसवतं. मी स्टँडबाहेर उसाचा रस घेतला आणि पुढची गाडी पकडली.

बुलडाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूरचा घाट लागतो. छोटाच आहे पण देखणा. पळस झडलेला, उघडे खडक, आणि खाली लांबवर कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी रानं. इथे मी ज्ञानूला वर्षाच्या साखरपुड्याचे फोटो पाठवून पाहिले. वळणावर डोंगर आडवा आला की थांबायचं, हे ठीक. पण डोंगर सरला, टॉवर समोर दिसतोय, दिवा लागलाय, तरी फोटो मुंगीच्या पावलाने सरकत होते.

याचं कारण मी पुढे शोधून वाचलं, आणि मला त्या नियमांची कीव आली. नेट आपला निरोप फोडून लहान लहान पाकिटांतून पाठवतं. एखादं पाकीट पोचलं नाही, तर पाठवणारा समजतो की वाटेत गर्दी झाली, आणि समजूतदार माणसासारखा सावकाश होतो. तारेच्या जगात ते बरोबरच, तिथे पाकीट हरवतं ते बहुतेक गर्दीतच. हवेतलं पाकीट मात्र डोंगराआड गळतं, पत्र्याच्या गाडीत गळतं. रस्ता मोकळा असतो आणि हा बिचारा अंग चोरून कडेने चालत राहतो, भिडस्त पाहुण्यासारखा.

मोताळ्याला शालू स्टँडवर आली होती. मला पाहिलं, पण नजर पिशवीवर.

"आनला का त्याले?"

"अगं, आधी मला तर घरी ने."

आठवडाभर घर गजबजलेलं. मी रोज संध्याकाळी अंगणात, गच्चीवर, गोठ्याच्या पत्र्यावर लॅपटॉप धरून फिरायचे. गच्चीच्या कोपऱ्यात सगळ्यात चांगलं चालायचं, आणि बाजाराच्या दिवशी कुठेच चालायचं नाही. मांडव घरासमोरच्या मोकळ्या जागेत पडणार होता. तिथे बोहल्याच्या डाव्या अंगाला उंच स्टूल ठेवलं तर बोलणं नीट येत होतं. ज्ञानूने एक मंगलाष्टक स्वतः रचलं होतं, त्यात आमच्या आईबापांची नावं होती. आई वर्षाच्या बारशाला होती, लग्नाला नाही. ते मंगलाष्टक शेवटून दुसरं म्हणायचं, मग गुरुजी समाप्तीचं म्हणतील आणि अंतरपाट निघेल, असं ठरलं. गुरुजींची एकच अट होती, "मुहूर्त गोरज आहे. सूर्य माझ्यासाठी थांबत नाही, तुमच्या फोनच्या कंपनीसाठी काय थांबेल?"

लग्नाच्या दिवशी स्टुलावर लॅपटॉप ठेवला. लाउडस्पीकरवाल्याने एक माईक त्याच्या पोटाशी सुतळीने बांधला. मामाला द्यायची टोपी आणि उपरणं शालूने लॅपटॉपच्या झाकणावर चढवलं, वर कुंकवाचा टिळा लावला. पडद्यावर ज्ञानू पांढऱ्या सदऱ्यात, चौकोन चौकोन झालेला, पण होता. वर्षाने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मुंडावळ्या हलताना दिसल्या मला.

मंगलाष्टकं सुरू झाली. आणि इथे आमच्या प्रेमळ लोकांनी घात केला.

पुढच्या रांगेत बसलेल्या शालूच्या नणंदेने टोपीवाला लॅपटॉप पाहिला आणि तिला आठवलं, आपला पोरगा पुण्याला आहे. तिने फोन लावला. "ऐक रे, वर्षाचं लगन लागून राह्यलं!" आणि हात उंच करून फोन लाउडस्पीकरकडे धरला. ते पाहून तिच्या जावेला बहीण आठवली. मग कोणाला सुरतेचा भाऊ, कोणाला बाळंतीण लेक. बघता बघता मांडवभर हातच हात वर, एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात फोन.

पडद्यावर ज्ञानू थिजला.

"मामा, म्हणा आता," गुरुजी माईकवर म्हणाले. लॅपटॉपमधून शब्द नाही. "मुलीचे मामा?" पुन्हा काही नाही. गुरुजींनी पदरचं एक मंगलाष्टक लांबवून म्हटलं. नवऱ्याच्या काकांनी घड्याळ पाहिलं. "महाराज, उजेड चालला. लागू द्या ना लगन."

शालूने अंतरपाटाचं टोक हातात धरलं. "नाई लागत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मांडवाला ऐकू गेलं.

"इहीनबाई, मुहूर्त टळला त मागून बोल लागंन आमाले."

"मले लागू द्या. सांगा सगळ्याइले, शालूनं थांबवलं."

 मी डोंगल उपटून लावून पाहिला, दिवा लागत होता, टॉवर पुरेपूर दाखवत होता. मग मान वर केली आणि ते उंचावलेले हात पाहिले. त्या वेळच्या टॉवरवर बोलण्याला आधी जागा मिळायची, नेटला उरलीसुरली. आणि उरलं काहीच नव्हतं. माझा भाऊ कुवेतहून मोताळ्यापर्यंत आला होता आणि गावच्याच टॉवरवर दाराशी उभा होता.

मी गुरुजींच्या हातातला माईक घेतला. "मंडळी, हात जोडते, फोन बंद करा. तुम्ही सगळे बोलताय म्हणून नवरीचा मामा आत येऊ शकत नाही."

"आमी काय त्याची वाट अडवली काय?"

"अडवलीत हो. एकच वाट आहे टॉवरची."

"पोट्ट्या, मंग ठेवतो रे, नवरीचा मामा अटकला," असं एकजण फोनमध्ये म्हणाला आणि हशा पिकला. एकेक हात खाली आला. नणंदबाई पुटपुटल्या, पण त्यांनीही ठेवला. एकच फोन वर राहिला. नवऱ्या मुलाच्या म्हाताऱ्या आजी, दोन्ही मुठींत तो धरून.

"मी कशी बंद करू माय? आमच्या याह्यले उठता येत नाई, घरी खाटीवर पडून हाय. नातवाचं लगन कानानंच पाहून राह्यले."

सगळ्यांनी शालूकडे पाहिलं. शालूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती लगेच म्हणाली, "आजी, तुमचा राहू द्या. चालूच ठेवा."

मी ज्ञानूला पुन्हा जोडलं. आवाज तुटक तुटक, चित्र अर्धवट. शालूच्या कानाशी गेले. "तोंड की आवाज? दोन्ही नाही जमणार."

तिने थिजलेल्या चित्राकडे क्षणभर पाहिलं. "आवाज," म्हणाली.

मी चित्र बंद केलं. पडदा काळा झाला, वर टोपी आणि टिळा तेवढा राहिला. आणि आतून आवाज आला, "अक्का? अक्का, म्हनू का आता?"

"म्हण रे!"

ज्ञानू म्हणाला. मधला एक शब्द गळायचा, पुढचा यायचा. जिवंत आवाजाचं बरं असतं, तो गळालेल्यासाठी मागे फिरत नाही, पुढेच येतो. आईचं नाव पुरं आलं. बापाच्या नावातलं एक अक्षर गेलं, ते मांडवातल्या माहेरच्या बायकांनीच भरलं. वर्षाचे खांदे हलत होते. त्याचं "सावधान" आलं, गुरुजींनी लगेच समाप्तीचं उचललं, अंतरपाट गेला, वाजंत्री उसळली. मी लॅपटॉपकडे वळले तोवर लाइन तुटलेली होती. त्या गर्दीत पुन्हा लावणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी फोन परत सुरू केले होते.

जेवण वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचं. तुम्हाला या भागातल्या लग्नाचं बोलावणं आलं तर उन्हाची सबब सांगू नका, बट्टी कुस्करून त्यावर तूप ओतू द्या आणि गप्प बसून खा. म्हाताऱ्या आजींनी मला शेजारी बसवलं. "याह्यनं इचारलं, मामा काऊन तुटक बोलून राह्यला? म्या म्हनलं, लय दुरून आला, दम लागला त्याले."

दुसऱ्या दिवशी मी त्याच वाटेने घरी आले. घाटात लॅपटॉप उघडला नाही, खिडकीशी बसून राहिले. घरी आल्यावर एकच रुखरुख होती, शेवटचं ज्ञानूला ऐकू गेलं की नाही? लेकरू मंगलाष्टक म्हणून मोकळं झालं आणि लग्न लागल्याचं त्याला कळलंच नाही, असं तर नव्हे?

संध्याकाळी दुकान उघडून बसले तर त्याचाच फोन.

"अक्का, गुरुजींचं सावधान आलं की मला. वाजंत्री पन वाजली थोडी, मग गेलं सगळं."

"नक्की आलं?"

"आलं म्हंजे? खोलीतल्या पोरायनी आंघोळी करून कपडे घातले होते. एक केरळचा, एक बिहारचा, एक आपल्या जालन्याचा. भाताचे तांदूळ हळदीत कालवून मुठी धरून बसले होते. वाजंत्री आली तशा टाकल्या अक्षता, माझ्या अंगावर अन् लॅपटॉपवर. बटनाच्या फटीत तांदूळ गेलेत, निघंनात."

"म्हणजे वाजंत्री तुला उशिरा पोचली. आम्ही तर त्याआधीच टाकल्या होत्या."

"असू दे ना," ज्ञानू म्हणाला. "इकडं लग्न जरासं उशिरा लागलं, अक्का. पन लागलं."