छावणीतल्या कुत्रीचा श्वास

त्या दुष्काळात गावची विहीर आटली आणि मी माझ्या म्हशी सहकारी संस्थेच्या चारा छावणीत नेऊन बांधल्या. बैलबाजारात दावी विकत फिरणारा पोरगा मी, स्वतःच्या जिभेच्या जोरावर व्यापारी झालो. दुसऱ्याच्या हातून चारा घ्यायचा, हे मला जमेना. पहिल्याच आठवड्यात चेअरमनशी खटका उडाला. हौदाजवळच्या मोटारीची केबल सोललेली होती आणि खाली कायम चिखल. एखादं जनावर मरेल, असं मी चारचौघांत सांगितलं. चेअरमन म्हणाले, "शेठ, तुमी बाजारात न्हाईत. इथं फुकट हाय सगळं. फुकटात खोड काढू नये."

लोक हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून छावणीत कुणी माझ्याशी धड बोलेना. गावाहून माझ्या टेम्पोमागे पळत आलेली पिवळी कुत्री तेवढी पायाशी बसायची. आणि शेजारच्या खोपीतली म्हातारी बोलायची. तिला सगळे मावशी म्हणत. तिची एकच गाय होती, आणि गाईसाठी ती छावणीतच राहत होती.

एका दुपारी कुत्री मोटारीखालचा ओला चिखल चाटायला गेली. एकदाच कळवळली आणि आडवी झाली. मी धावत जाऊन मोटार बंद केली, मागचे पाय धरून तिला कोरड्यात ओढलं. डोळे उघडे होते, पोट हलत नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर मांजरसुंब्याकडच्या दुसऱ्या छावणीवर होते. फोन लावला आणि आवाज मोठा करून मातीत ठेवला.

"उजव्या कुशीवर पाडा तिला," डॉक्टर म्हणाले. "डावं कोपर छातीला टेकतं तिथं तळवे ठेवा आणि भराभर दाबा. दर वेळी छाती पुरी वर येऊ द्या. मधेमधे तोंड घट्ट मिटून धरा आणि नाकातून हवा फुंका."

"बरगडी मोडली तर?"

"मोडू द्या. थांबू नका. मी निघालोच."

मी दाबू लागलो. नाकाला तोंड लावलं की चिखल जिभेवर यायचा. भोवती माणसं जमली.

"शेठ, कुत्रीसंगं लगीन लावलं का काय?"

"मोटार चालू करा बे कुणीतरी. म्हशी तहानल्यात."

"बटनाला हात लावील त्याचा हात मोडीन," मी म्हणालो. कुणी लावला नाही. पण मदतीलाही कुणी वाकलं नाही. थोड्या वेळाने माझे खांदे भरून आले, हातांत जोर उतरेना. उभ्या जन्मात मी कुणाची विनवणी केली नव्हती. तेव्हा केली. "एकानं या रे. नुसतं दाबा. मी फुंकतो."

"मेली ती, शेठ. सोडा आता," एवढंच कुणीतरी म्हणालं.

फोनवरून डॉक्टर सांगत होते, मांडीच्या आतून नाडी बघा. मी बोटं लावली. बाजारात रुमालाखाली सौदा करताना समोरचा बोट दाबून आकडा सांगतो, तसं काहीतरी माझ्या बोटाला हलकंच लागलं. पुन्हा लागलं. मग कुत्रीने तोंड उघडून मोठा श्वास घेतला.

"घेतला," मी फोनवर वाकून म्हणालो. "डॉक्टर, श्वास घेतला तिनं."

तेवढ्यात मावशी खाली बसली. तिच्या हातात फुलपात्र होतं. जाणाऱ्या जिवाच्या तोंडात पाणी घालायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तो श्वास तिला शेवटचा वाटला. "तहानेनंच गेली बाई चिखलात," असं म्हणत तिने स्वतःच्या घागरीतलं पाणी कुत्रीच्या तोंडात ओतलं.

मी फुलपात्र उडवलं, पण पाणी आत गेलं होतं. कुत्रीच्या घशात घरघर झाली. जन्मताच श्वास अडकलेल्या वासराला धरतात तसं मी तिला उलटं धरलं, थोडं पाणी निघालं. पुन्हा खाली पाडून दाबलं, फुंकलं, नाडी शोधली. डॉक्टर आले तेव्हाही मी दाबतच होतो. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि माझे हात धरून बाजूला केले.

गर्दी सारत चेअरमन आले. मी केबलकडे बोट दाखवून तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाली, "माज्या पाण्यानं गेली. श्वास घेतलता तिनं."

चेअरमननी लगेच सगळ्यांकडे पाहिलं. "ऐकलं ना? करंटनं न्हाई गेली मग."

मावशीचा पदर तोंडाशी गेला होता. डॉक्टर बोलायच्या आधी मी म्हणालो, "पाणी मेल्यावर घातलं. तोंडातनं तसंच भाईर आलं. करंटनंच मेली ती."

"सौदा करायलाय शेठ," मागून कुणीतरी म्हणालं.

मावशीने मान हलवली. "न्हाई बाबा," ती मला म्हणाली. "गिळला तिनं एक घोट. म्या बघितलं. कोरड्या घशानं न्हाई गेली."

केबलवरून चेअरमनशी भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण तिच्यासमोर तिचा तो घोट खोटा पाडायला माझी जीभ उचलेना. मी खाली बसलो आणि कुत्रीच्या तोंडावरचा चिखल पुसू लागलो. मागे मोटार सुरू झाली.