अर्धा पौंड कमी

लढाई संपल्यानंतर काही काळ मी पाचगणीला, पोलंडमधून आलेल्या निर्वासित मुलांच्या आरोग्यधामात भांडार सांभाळत होतो. धान्य मोजून देणं आणि दर सोमवारी मुलांची वजनं करणं ही माझी कामं.

तिथे आठनऊ वर्षांची एक मुलगी होती. वडील लढाईत गेलेले, आईची वाटेत ताटातूट झालेली. छातीच्या दुखण्यामुळे तिला आमच्याकडे ठेवलं होतं; सोळा वर्षांचा भाऊ कोल्हापूरजवळच्या मोठ्या छावणीत होता. मग कळलं, की आई जिवंत आहे आणि मायदेशी पोचली आहे. तिकडचं सरकार, इंग्रज आणि आपलं सरकार यांची बरीच लिहापढी होऊन भावंडांना मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर जागा मिळाल्या. अट एकच. आईबापांशिवाय जाणाऱ्या आजारी मुलाचं वजन डॉक्टरांनी ठरवल्याइतकं भरलं पाहिजे. भाऊ स्वतःच अठराच्या आतला, त्यामुळे तो पालक म्हणून चालत नव्हता. मला हा नियम पटला होता.

मुलगी दिवसभर आमच्याच खोलीत असे. माझी बायको मेढ्याकडची. ती तिला नाचणीची आंबील आणि तूपभाकरी चारी. मुलगी आमची बोलीही तिच्याकडूनच शिकली. काट्यावरून उतरताना मला विचारी, "आवं दादा, लय भरलं का?"

आदल्या सोमवारी वजन बरोबर भरलं होतं. पण बोटीसाठी धरायचं ते सुटण्याआधीच्या शेवटच्या सोमवारचं वजन, आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी आली. मुलीला सुखरूप आई भेटावी म्हणून बायकोने उपवास धरला. मुलगी म्हणाली, "वयनी, आई माझी हाय. मग उपास तुमीच का करायचा?" बायकोला भरून आलं. तिने मुलीलाही उपवास करू दिला. जेवणघरातल्या लोकांना वाटलं, ती आमच्याकडे जेवली असेल. मला कुणी काहीच सांगितलं नाही.

दुपारी काटा अर्धा पौंड अलीकडेच थांबला. मी दिसलं तेच वाचलं, तेच लिहिलं. उपवासाचं कळल्यावर डॉक्टरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, एका दिवसाच्या उपाशीपणाने जे मूल उतरतं, ते बोटीवर कसं टिकेल?

बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "अर्ध्या पौंडानं बोट बुडाली असती व्हय?" एवढंच म्हणाली. मुलीची बोटीवरची जागा गेली; आता भाऊ एकटा जाणार का, हीच धास्ती होती. छावणीत तार गेली.

तिसऱ्या दिवशी तो मोटारीने आला. मुलगी बायकोच्या पदराआड लपली. काय झालं ते तिने त्याला त्यांच्या भाषेत सांगितलं. तो खोखो हसला, तिला उचलून कडेवर घेतलं आणि बाजारात शिकलेल्या मराठीत आम्हाला म्हणाला, "एकटा जाऊन आईला काय सांगू? पोरगी चतुर्थी पाळत बसली म्हणून?"

त्याने स्वतःचं नाव बोटीवरून काढून घेतलं. पुढच्या बोटीपर्यंत त्याला आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरासाठी लाकडं फोडायचं काम मिळालं. जेवायला तो आमच्याकडेच येई. बायको दोघांना समोरासमोर बसवून वाढी, आणि बहिणीने टाकलेली भाकरी भाऊ संपवी. पुढच्या खेपेला मुलगी पास झाली. त्याचं वजन करायची गरज नव्हती, तरी तो आला तेव्हा मी केलं होतं आणि आताही केलं. तिच्या दुप्पट वाढलं होतं.