कुणाचा गुलाल

गुलालाचा वास मला खरा कळला तो मार खाताना. कोरडा, मातकट, किंचित गोडसर असा तो वास नाकातून रक्त वाहत असतानाही घशाला चिकटून राहिला होता, आणि दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, हातातली ठिबक सिंचनाची जाड काळी नळी पाठीवर उतरली की सदऱ्यातून गुलाबी धूळ उठून मावळतीच्या तिरप्या उन्हात क्षणभर तरंगत होती. जून लागला होता, पण आभाळात ढगाचं नाव नव्हतं, आणि मुळा धरणाचा कालवा पार तळाला गेला होता.

सकाळी मी पुण्याच्या प्राइडच्या मिरवणुकीत होतो. तिशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच. शेजारून चालणारे एक निवृत्त मास्तर सुरुवातीच्या वर्षांच्या आठवणी सांगत होते: निम्मी माणसं तोंडाला रुमाल बांधून चालायची, चालणाऱ्यांपेक्षा पोलीसच जास्त दिसायचे, आणि रस्त्याकडेचे दुकानदार अर्धं शटर ओढून आतून बघत राहायचे. आता मात्र सप्तरंगी झेंडे होते, ढोल होते, मुलांचे हात धरून आलेल्या आया होत्या. पुरुषावर जीव जडणारा मी भर उन्हात, भर रस्त्यात मनसोक्त नाचलो. मास्तरांनी माझ्या डोक्यावर मूठभर गुलाल उधळला आणि म्हणाले, "आज आपण निवडून आलो बघा!" नगरच्या स्टँडवर मी तोंड खसखसून धुतलं, तरी कानांच्या पाळ्या आणि कॉलर गुलाबीच राहिली.

त्या आनंदात एक गोष्ट मी साफ विसरलो. त्याच दिवशी राहुरीजवळच्या आमच्या गावात विकास सोसायटीच्या निवडणुकीची मतमोजणी होती आणि दादाचं पॅनेल सपाटून आपटलं होतं. आमच्या भागात गुलाल हा नुसता रंग नसतो. तो अंगावर दिसला की माणूस कुणाचा हे विचारावं लागत नाही, आणि दुपारपासून गावात एकाच बाजूचा गुलाल उधळला जात होता.

"माझ्या घरात ऱ्हाऊन त्यांचा गुलाल खेळतो व्हय रं?" एवढंच दादा बोलला आणि तुटून पडला.

खरं सांगतो, पहिले फटके खाताना मला सुटल्यासारखंच वाटलं. गैरसमज सोयीचा होता. 'चुकलो' म्हटलं असतं तर दिवाळीपर्यंत सगळं मिटलं असतं. पण दादाने मला खाली दाबून, अंगणातली माती घेऊन माझे कान घासायला सुरुवात केली आणि माझं डोकं फिरलं. उभ्या आयुष्यातला माझा एकुलता एक विजय मी त्या फडतूस सोसायटीच्या खात्यावर जमा होऊ देणार होतो काय?

"त्यांचा न्हाई, दादा. माझा हाय," मी म्हणालो, आणि पुण्यात कशाला गेलो होतो, मी कोण आहे, ते सगळं हळू आवाजात सांगून टाकलं.

नळी थांबली. मग जे फटके बसले त्यांच्यापुढे आधीचे काहीच नव्हते. "त्यांचाच हाय म्हन! म्हन!" दादा ओरडत होता. मघापासून त्याचा हात ओढणारी आई आता माझी हनुवटी धरून रडत होती, "म्हन की रं बाळा, त्यांचाच हाय म्हन." मी म्हटलं नाही. नळी अडवायला पुढे केलेलं मनगट मोडलं, त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

आरडाओरडा ऐकून विजयी मिरवणुकीतले गडी कुंपण ओलांडून आत घुसले. माझी गुलाबी कॉलर बघून त्यांना वेगळं काही विचारायची गरजच पडली नाही. "आमच्या मानसाला मारतो का रं?" असं म्हणत त्यांनी दादाला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. त्याचं डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं.

मी त्यांचा नाही, हे कळलं असतं तर ते थांबले असते आणि बहुधा माझ्याकडे वळले असते. तरी मी ओरडलो, "आरं थांबा, मी तुमचा न्हाई, मी तर..."

"तुमचाच हाय त्यो!" रक्ताने भरलेल्या तोंडानं दादा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. "तुमचाच हाय! मारा मला!"

त्यांनी मारलं. तो खालून माझ्याकडे बघत होता आणि गप्प बस म्हणून मान हलवत होता. त्याने तेव्हा घराची अब्रू वाचवली की मला, हे त्यालाच विचारायला हवं. पण तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही.