नकाशावरची एकमेव गोड विहीर

बेलापूरच्या पलीकडे, कालव्याखालच्या एका गावात मी एक उन्हाळा विहिरींचं पाणी मोजत काढला. वर्षानुवर्षं ऊस भिजवून तिथली जमीन पांढरी पडली होती, विहिरी खारावल्या होत्या. कुठली किती खारी, याचा नकाशा ग्रामपंचायतीला हवा होता. खाऱ्या विहिरीला लाल ठिपका, गोड विहिरीला निळा.

एका वस्तीवर पोचलो तेव्हा वीज गेलेली, मोटर बंद. घरधनी शेवग्याच्या सावलीत काळ्या पिशव्यांतली कागदी लिंबाची रोपं न्याहाळत बसला होता. त्यानं ऊस मोडला होता.

"पानी गोड निघालं तर पावसाळ्यात लिंबं लावतो," तो म्हणाला. "खारं असलं तर समदी रोपं जळून जात्याल."

"तुम्हाला चवीला कसं लागतं?"

"मचूळच लागतंय. पन जिभेचं काय खरं, सर? मशीन काय म्हनतंय ते बघा."

नमुना स्वतःच्या हातानं घ्यायचा, असं मी विद्यार्थ्यांना कायम बजावत आलो आहे. पण विहीर खोल होती, पायऱ्या ढासळलेल्या होत्या आणि बाजेवर चहा आला होता. मी बाटली त्याच्या बायकोच्या, वहिनींच्या हातात दिली आणि म्हणालो, "एवढी पाण्यानं भरून द्या." त्यांनी आतून भरून आणली. मशीन म्हणालं, गोड. खाऱ्या पाण्यानं फाटतो तसा चहाही फाटला नव्हता. तोही मी पुराव्यात धरला.

पावसाळ्याच्या तोंडावर नकाशाचं अनावरण झालं. नकाशा काचेच्या चौकटीत, त्यावर मखमली पडदा, पडद्याला जरीची दोरी. प्रमुख पाहुणे बऱ्याच उशिरा आले. त्या सगळ्या लालीतला एकुलता एक निळा ठिपका पाहून त्यांनी ते या मातीचं पुण्य असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. ऐन उकाड्यात मला शाल मिळाली.

मंडपाबाहेर वहिनींनी गाठलं.

"सर, ह्यांनी खड्डे खांदून ठेवल्यात. उद्या रोपं लावत्यात. आमच्या विहिरीचं पानी खरंच गोड हाय का? त्यात डाळ शिजत न्हाई."

"वहिनी, तुम्हीच तर भरून दिलंत."

"ते व्हय? ते इकतच्या जारचं हुतं. पाहुन्याला कुनी विहिरीचं देतं का?"

चहाही जारच्याच पाण्याचा होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शाल काखेत मारून मी त्यांच्यामागून वस्तीवर गेलो. वीज होती. मोटर चालू करून या वेळी मापक मी स्वतः धारेत धरला. शेजारच्या कुठल्याही विहिरीइतकीच ही खारी होती.

"मंग त्या बाटलीत काय हुतं?" घरधन्यानं विचारलं.

"तुमी रोज पिता त्येच," वहिनी म्हणाल्या. "मी काय आड घेऊन फिरत न्हाई पदरात."

तो खड्ड्यांच्या ओळीकडे बघत उभा राहिला. मी माझी चूक कबूल केली. त्यानं ती ऐकली की नाही, कळलं नाही. मग म्हणाला, "आज सांगितलं ते बरं झालं." दुसऱ्या दिवशी रोपं टेम्पोत घालून त्यानं नदीकाठी मेव्हण्याच्या रानात नेली. खड्डे बरेच दिवस तसेच होते.

नकाशा दुरुस्त करायला मी ग्रामपंचायतीत गेलो, तर सरपंच म्हणाले, "अनावरण झालंय, सर. आता काच काढायची म्हंजी परत पाहुने बोलवावे लागत्यात." मी लाल पेन काढलं. काचेवर ते उमटेना. वहिनी कसल्याशा दाखल्यासाठी तिथेच आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक लाल टिकली निळ्या ठिपक्यावर दाबून बसवली.

टिकली जरा मोठी होती. शेजारच्या दोन विहिरीही तिच्याखाली गेल्या. त्या खाऱ्याच होत्या.