पश्चात एक मुलगी

"काढा चूक," म्हणत ललित सरांनी कात्रणाच्या झेरॉक्स वाटल्या आणि खुर्चीत मागे रेलून ते मोबाइल बघत बसले.

पत्रकारितेचा हा वर्ग रविवारी भरायचा. ललित सर एका स्थानिक दैनिकात जिल्ह्याचं पान लावायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथे शिकवायला यायचे. आपली सुट्टी या लोकांनी खाल्ली, हा राग त्यांच्या तोंडावर कायम असायचा. सविताशी तर त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. ती अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती. वय पस्तीस. प्रश्न फार विचारायची.

"निधन वार्ता ही सगळ्यात सोपी बातमी," सर म्हणाले. "हीसुद्धा जमत नसेल तर आपापल्या घरी जा."

सविताने कागद हातात घेतला. 'दिंडोरी येथील द्राक्ष बागायतदार सहादू वडजे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. दशक्रिया विधी बुधवारी सकाळी नदीकाठी होईल.'

सहादू वडजे म्हणजे तिचे वडील, अण्णा. ते गेल्याचं तिला मावसबहिणीने कळवलं होतं, तेही सगळं उरकल्यावर. घरी बसवेना म्हणून ती वर्गाला आली होती.

चार-पाच जणांनी काहीबाही चुका काढल्या. वय नाही, गेल्याची तारीख नाही. सर मान हलवत राहिले.

"मुलगी राहिली," सविता म्हणाली.

"कोणाची?"

"मयताची. दोन मुलं आणि एक मुलगी आहे."

"तुला काय माहीत?"

"मीच ती."

सरांनी मोबाइल ठेवला, पण आवाज मऊ केला नाही. "ही बातमी मीच लावली. घरच्यांनी दिली तशी छापली. घरचेच सांगतात, आपण काय शिरगणती करत फिरत नाही."

"दोन ठिकाणी खात्री करा, असं तुम्हीच शिकवलंय."

"मग कर! पण तुझं तूच सांगितलेलं चालणार नाही. ज्याचा संबंध तो बातमीदार नव्हे. भावाकडून, चुलत्याकडून वदवून आण, मग छापतो खुलासा. नाही आणलंस तर घरची भांडणं परत माझ्या वर्गात आणायची नाहीत."

मागून कोणीतरी हसलं.

भांडण बागेवरून होतं. त्यांच्याकडे बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडायचा आणि त्या बदल्यात माहेरचं दार उघडं ठेवायचं, अशी रीत. सविताने सही दिली नाही. त्या दिवसापासून दार बंद. वडील मात्र वर्षातून एकदा छाटणीच्या सुमाराला फोन करायचे. "छाटणी झाली," एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. ती "बरं" म्हणेपर्यंत पलीकडे कोणी नसायचं.

बुधवारी ती दिंडोरीला गेली. नदीकाठी मांडव होता, सतरंज्या होत्या, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. माईक चुलत्यांच्या, पुंजानानांच्या ताब्यात. कोणी बोलायचं, किती बोलायचं, कोणाला आवरायचं, सगळं तेच ठरवत होते. बायकांच्या घोळक्यातून आई कुसाबाईने तिला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

मोठा भाऊ सुनील आडवा आला. डोकं भादरलेलं, डोळे लाल.

"इथं काय काम हाय तुझं?"

"एकच विचारायला आले. पेपरात दोन मुलं लिहिलं. आपण किती भावंडं, दादा?"

"दोघं भाऊ. तिसरं कोणी नाय."

"माझ्या तोंडाकडं बघून सांग."

"चालती हो! दहाव्याला तरी बापाला सुखानं जाऊ दे."

तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि ती सरळ पुंजानानांपुढे जाऊन उभी राहिली. एक भाषण संपून दुसरा वक्ता उठत होता. नानांच्या हातात माईक तसाच होता.

"नाना, तुम्ही वडीलधारे. तुम्ही सांगा, अण्णांना लेकरं किती?"

"ए, हट बाजूला. लोकं बघताय."

"बघू द्या. दोन का तीन?"

"तुला लाज हाय का गं?" नानांचा पारा चढला आणि माईक आपल्या हनुवटीशी आहे हे ते विसरले. "सहादूची सख्खी पोरगी तू! सख्खी पोरगी असून बापाच्या दहाव्याला हिशोब मागायला आली? एवढी शिकवली त्यानं, ते याच्यासाठी?"

कर्ण्यातून ते सगळ्या नदीकाठावर गेलं. पलीकडच्या तीरावर धुणं धुणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. कोणीतरी धावत जाऊन मशीन बंद केलं. सुनीलने दात-ओठ खाल्ले. "नाना, माईक!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

सविताने मोबाइल पिशवीत टाकला. जाताना ती आईजवळ क्षणभर थांबली. आईने पदर काढला नाही. बाजूच्या बाईने एक चप्पल मुद्दाम पायाने सविताच्या वाटेत उडवली, ती तिने ओलांडली.

रविवारी ललित सरांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. "ही शिवीगाळ आहे," ते म्हणाले.

"शिवीगाळ आहे. त्यात नातंही आहे. चारशे माणसांनी ऐकलंय. कोणालाही फोन लावा."

सरांनी खरंच लावला, सरळ पुंजानानांना, स्पीकरवर. "ती सहादू वडजेंची मुलगी आहे का, एवढंच सांगा." पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "हाय. पण तिचं नाव नका टाकू."

"नाव आम्ही टाकतच नाही," सर कोरडेपणाने म्हणाले आणि फोन ठेवला. मग सविताकडे न बघता कागद तिच्यापुढे सरकवला. "लिही. दोन ओळींच्या वर गेलीस तर कापीन."

तिने लिहिलं. सरांनी तरीही एक शब्द कापला.

मंगळवारी, पानाच्या अगदी तळाशी, लिलावाच्या जाहिरातीला खेटून खुलासा आला. 'सहादू वडजे यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' कारखान्याच्या गेटवर चहाच्या टपरीशी ती ते वाचत होती, तेवढ्यात सुनीलचा फोन आला. कित्येक वर्षांनी त्याचं नाव स्क्रीनवर उमटलं.

"कोणी दिली ही बातमी?" तो ओरडला.

"घरच्यांनी," सविता म्हणाली. "माईकवरून."

सुनीलने एक सणसणीत शिवी घातली. तिने ती पुरती ऐकून घेतली, मग फोन ठेवला आणि पेपरची घडी घालून ती पाळीवर गेली.