मामांची परीक्षा आणि दर खेपेचं नवं विंडोज

माझ्या मैत्रिणी बँकेत आहेत, शाळेत आहेत, एक तर कोयनानगरला प्रोजेक्टच्या ऑफिसात आहे. भेटल्यावर "काय विशेष?" म्हणून विचारलं की सगळ्या म्हणतात, "काही नाही गं." मी सांगलीत गणपती पेठेतल्या एका छापखान्यात सहा वर्षं कम्प्युटर चालवतेय. मला "काही नाही" म्हणायची संधी एकदाही मिळालेली नाही! एक किस्सा सांगायला घ्यावा तर तो दुसऱ्याला ओढून आणतो, दुसरा तिसऱ्याला. आणि सगळ्यांचं मूळ एकच. कम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं ते दर दीड-दोन वर्षांनी कुणीतरी कुठेतरी बसून बदलायचं, आणि त्याची भांडणं आमच्याकडे व्हायची.

*

त्र्याण्णव साली मी साताऱ्याहून आले. बी.एस्सी., वर कम्प्युटरचा डिप्लोमा, वय बावीस आणि डोक्यात भलतीच हवा. छापखान्याचे मालक आण्णा. आण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळे आमचं शटरही वेळेत खाली यायचं, एवढं एक सुख होतं.

दुसरे कांबळेमामा. मामा कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक करून वेचायचे आणि मजकूर जुळवायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलेलं.

पहिल्याच दिवशी आण्णांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"मामा, खिळं आता मोडीत जाणार. ही पोरगी तुमाला मशीन शिकवंल. ती 'येतंय' म्हनली की मशीनवर बसायचं. 'न्हाई' म्हनली तर कटिंगला जायचं."

कटिंग म्हणजे कागदाचे गठ्ठे कापायचं यंत्र. काम वाईट नाही, पण मामांचा चेहरा पडला.

"आण्णा, मी कंपोझिटर म्हणून आलोय. कंपोझिटर म्हणूनच घरी जाणार."

"ते माझ्या हातात न्हाई. मास्तरीणबाईंच्या हातात हाय."

झालं! बावन्न वर्षांच्या माणसाची परीक्षा घ्यायची ती मी. आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं.

*

तेव्हा डॉस होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. मला ते अगदीच दरिद्री वाटायचं. मामांना मात्र बघताक्षणी आवडलं.

"पाटी हाय की!"

घरून जुना पुठ्ठा आणून त्यांनी त्यावर कीबोर्ड काढला. बसस्टॉपवर, जेवायच्या सुट्टीत, मांडीवर पुठ्ठा आणि बोटं चालू. तीन महिन्यांत कामापुरतं टायपिंग जमलं. सोमवारी परीक्षा ठरली.

शनिवारी पुण्याहून इंजिनियर आला आणि मशीनवर विंडोज टाकून गेला. सोमवारी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. बघतात तर पाटी गायब! चौकटीत चौकट, तिच्या पोटात आणखी चौकट, आणि सगळीकडे रंगीत चित्रं.

मामा म्हणाले, "मास्तरीणबाई, पेपर बदललाय."

परीक्षा पुढे ढकलली. ती अशी एकूण चार वेळा ढकलली गेली. मामांना जरा यायला लागलं की नवीन काहीतरी यायचंच!

*

नव्या विंडोजमध्ये माउस आला. मी मामांना सांगितलं, "आता सगळं ह्याने करायचं. चित्रावर न्यायचं, दोनदा दाबायचं."

मामांनी माउस उचलून खालची गोळी बघितली, परत ठेवला आणि त्याच्यावर स्वतःचा रुमाल पांघरला. का? तर धूळ बसते म्हणून! तो रुमाल परत काही निघाला नाही.

एके दिवशी त्यांनी कुठून तरी शोधून काढलं की मेन्यूतल्या शब्दांमध्ये एकेका अक्षराखाली रेघ असते आणि ऑल्ट धरून ते अक्षर दाबलं की काम होतं. झालं, मामा खूश. ऑल्ट, एफ, पी. प्रिंट!

"अहो मामा, चित्रं कशासाठी दिलीयत मग? माणसांनी एवढं डोकं लढवून डिझाइन केलंय ते!"

"चांगली हायत की. राहू द्या तिथंच."

मी आण्णांना सांगून टाकलं, "माउस वापरल्याशिवाय मी पास करणार नाही." आण्णा म्हणाले, "तू म्हणशील तसं." मामांनी कीबोर्डाखालचा पुठ्ठा सरळ केला फक्त.

*

एकदा मी मामांची जागा आवरली. म्हणजे पडद्यावरची. सगळी चित्रं वेडीवाकडी पसरली होती, ती मी ओळीत लावली. माणसाला जरा सौंदर्यदृष्टी नको?

मामा दुपारी जागेवर बसले. कीबोर्डावरची बाणांची बटणं सवयीने मोजून दाबली, एंटर मारलं, आणि पत्रिकेऐवजी पत्त्यांचा डाव उघडला. नेमके आण्णा मागे उभे!

"मामा, कामाच्या वेळेला पत्तं?"

मामा माझ्यावर असे भडकले की बस्स. "माझं घर कुनी हलवलं?"

तेव्हा कळलं की ते वेडंवाकडं नव्हतंच. खिळ्यांच्या पेटीत नेहमी लागणारी अक्षरं हाताजवळ आणि क्वचित लागणारी लांब असतात, अगदी तशी त्यांनी इंजिनियरकडून चित्रं मांडून घेतली होती.

"अहो पण जरा बघून दाबायचं ना!" मी म्हटलं.

"बघून?" मामा म्हणाले. "कंपोझिटर मजकुराकडं बघतो, मास्तरीणबाई. पेटीकडं गिऱ्हाईक बघतंय."

*

पंच्याण्णवचं विंडोज आमच्याकडे शहाण्णवच्या दसऱ्याच्या जरा आधी पोचलं. पुन्हा सगळं नवीन. खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण, सगळी बटणं करडी आणि उठावदार.

खंडेनवमीला आण्णांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. कटिंग मशीनला हळदकुंकू, छपाईच्या यंत्राला हळदकुंकू. कम्प्युटरपाशी आले आणि काचेवरच पाच बोटांनी भरघोस हळदकुंकू लावलं. हळदीचा व्यापार ह्या गावात, कमी कशी पडेल! नेमकं स्टार्टच्या बटणावर.

मी फडकं घेतलं तर ओरडले, "ए पोरी! दसरा झाल्याबिगर पुसायचं न्हाई!"

दोन दिवस मी हळदीत माउसचा बाण घुसवून स्टार्ट शोधत होते. मामांनी मात्र दोन्ही दिवस काम वेळेत संपवलं. मी विचारलं कसं, तर म्हणाले, "तिथं काय झालंय व्हय?"

*

मामांना एक मात्र त्या पंच्याण्णवमधलं मनापासून आवडलं होतं, ती उठावदार बटणं. पहिल्या दिवशी काचेवरून अंगठा फिरवून बघितला.

"दिसतंय उठल्यागत, पर लागत न्हाई हाताला. लय भारी केलंय!"

मग ते डोळे बारीक करून पडद्याच्या अगदी जवळ गेले. पाचेक मिनिटांनी उठले आणि टेबल ओढायला लागले. जड लोखंडी टेबल, कर्रर्र आवाज! खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आली आणि मॉनिटरची पाठ आण्णांच्या गादीकडे झाली.

"मामा, हे काय चाललंय?"

"उजेड डावीकडनं येतोय."

"कुठे?"

"मशीनच्या आत. एकूणएक बटणाची वरची आनि डावी कड उजळ हाय, खालची आनि उजवी काळी. दाबलं की उलटं हुतंय. मंजे उजेड डावीकडनं, वरनं. आत एक आनि भायेर एक, कसं चालंल? डोळं दुखत्यात."

मी हसून हसून बेजार. पुण्याचा इंजिनियर आला तेव्हा त्यालाही चवीने सांगितलं. तो हसला, मग मॉनिटरपाशी गेला, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि हसायचा थांबला.

"मॅडम, बरोबर आहे हो. मी दीड वर्ष हेच विकतोय, पण कधी लक्षात नाही आलं!"

मी तेव्हा दुसरा विषय काढला.

*

आता लग्नपत्रिकेचा किस्सा. खंडाळ्याकडचं एक कुटुंब. मुलगा कम्प्युटर इंजिनियर, त्याला पत्रिका विंडोजसारखी पाहिजे होती. मी जीव ओतून केली. वर निळी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'शुभविवाह', उजव्या कोपऱ्यात ती तीन बारकी बटणं, खाली करडं उठावाचं बटण, त्यावर 'अवश्य येणे'. मुलगा बेहद्द खूश.

प्रूफ बघायला मुलाची आत्या आली. चष्मा लावला आणि किंचाळलीच.

"आवं, पत्रिकेवर फुली? लग्नाच्या आधीच लग्नावर फुली मारली व्हय गं तू?"

मी समजावलं. ही फुली नाही आत्या, हे बंद करायचं बटण आहे.

"बंद करायचं? लगीन?"

मुलगा खाली बघायला लागला. मी वाद घालणार होते, पण मामा मध्ये पडले. "फुली काढा आनि तिथं स्वस्तिक घाला." आत्याला पटलं. पण मग तिला पलीकडचं बटण दिसलं. "आनि ही आडवी रेघ? ही वजाबाकी कशाला?" तिथेही स्वस्तिक. राहिला एक रिकामा चौकोन. "मोकळं घर बरं दिसत न्हाई." तिसरं स्वस्तिक!

पत्रिका छापून झाल्यावर मुलाने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, आता हे बंद कसं करायचं?"

आत्या म्हणाली, "करायचंच न्हाई!"

*

आणि आता ह्या वर्षीची गोष्ट.

मामा येत्या महिन्यात रिटायर होणार. गेली सहा वर्षं ते मशीनवर काम करतायत, पण आण्णांच्या हिशेबी अजून शिकाऊच. कारण मी "येतंय" म्हटलेलंच नाही! आण्णांनी एकदा शेवटचं विचारलं. "मास्तरीणबाई, मामांना निरोपाचा नारळ द्यायचा तो कंपोझिटर म्हणून का कटिंगवाला म्हणून?"

मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. माउसशिवाय नापास.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच तो पुण्याचा इंजिनियर अठ्ठ्याण्णवचं विंडोज टाकून बसलेला! मॉनिटर आमच्याकडे वळवून तो आण्णांना कौतुकाने दाखवत होता. "आता उठावाची फॅशन गेली, आण्णा. सगळं सपाट, स्वच्छ. बाण जवळ नेला तरच बटण वर येतं."

मामांनी बाजूने डोकावून बघितलं. "लाजरं दिसतंय बटण."

"मामा, ह्यात तर माउस लागणारच," मी म्हटलं. जिंकल्यासारखंच वाटलं मला.

इंजिनियरने पत्रिकेची चौकट आखून कोरं पान उघडून दिलं, मॉनिटर ढकलून परत मामांकडे फिरवला आणि आमच्या बाजूला येऊन बसला. मिरजेच्या एका गिऱ्हाइकाची वास्तुशांतीची पत्रिका होती. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं अक्षर, बावीस नावं आणि तळाला तीन ओळी पत्ता. मामांनी कागद समोर टेकवून ठेवला. रुमाल होता तिथेच होता.

आम्ही तिघं मॉनिटरच्या पाठीकडे बघत बसलो. मामांची बोटं चालली होती. मध्ये एकदा थांबले, चष्मा पुसला, पुन्हा सुरू. इंजिनियर आण्णांना सपाट डिझाइनचं महत्त्व सांगत होता. आण्णा सूर्य कुठवर आलाय ते बघत होते. मी रुमालावर नजर ठेवून होते. हलला की पकडायचं!

पाऊण तासाने ऑल्ट, एफ, पी. मग एंटर. आमच्या शेजारचा प्रिंटर घरघरला आणि पान बाहेर आलं.

मी पान हिसकावूनच घेतलं. चूक शोधायला बसले. बावीसच्या बावीस नावं वाचली. पत्ता वाचला. मग मूळ कागद आणून ओळीला ओळ लावून पुन्हा वाचलं. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. मामा बघत नव्हते. ते पुठ्ठा पिशवीत घालत होते.

"काय गं?" आण्णा म्हणाले.

"येतंय," मी म्हटलं.

इंजिनियर टाळ्या वाजवत उठला, मामांशी हात मिळवायला टेबलाला वळसा घालून गेला आणि तिथेच खिळला.

"मामा... स्क्रीन बंद आहे!"

मी धावत गेले. काळाकुट्ट! मागची वायर निघून लोंबत होती. आमच्या तिघांच्या नाकासमोर, मॉनिटर फिरवला तेव्हापासून.

"अहो, मग पाऊण तास तुम्ही बघत कशाकडे होता?"

मामांनी गिऱ्हाइकाचा कागद बोटाने दाखवला. "मजकुराकडं."

"पण मामा, पडदा अख्खा काळा आहे! दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की," मामा म्हणाले. "मला वाटलं, ह्या वर्षी आसंच आलंय."